साध्या हवामान मॉडेलापासून सुरुवात कशी करावी: नवख्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शक

हवामान बदलाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या बहुतेकांची पहिली गाठ जगाच्या रंगीत नकाशांशी पडते. हे नकाशे ज्या मॉडेल्समधून तयार होतात ती महासंगणकावर आठवडेच्या आठवडे चालतात आणि त्यांच्या प्रोग्रामच्या ओळी लाखांत मोजाव्या लागतात. साहजिकच नवख्याला वाटते की खरे मॉडेल ते हेच, आणि कागदाच्या एका पानावर मावणारे मॉडेल हे केवळ वर्गात समजावण्यापुरते. मीही असेच समजत होतो. पहिले कित्येक महिने मी गुंतागुंतीच्या मॉडेलांचे तयार निकाल उतरवून घेतले, त्यांच्या सरासऱ्या काढल्या आणि आलेख तयार केले. मग एका चर्चेत मला विचारण्यात आले की कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर यातले एक मॉडेल दुसऱ्यापेक्षा इतके जास्त का तापते. आलेख समोर होता, तापमानाचे आकडे पाठ होते, पण उत्तर माझ्याजवळ नव्हते.

त्यानंतर मी एका ओळीच्या समीकरणापासून पुन्हा सुरुवात केली. पुढचा क्रम त्या दुसऱ्या सुरुवातीतून आलेला आहे. साधे मॉडेल ही गुंतागुंतीच्या मॉडेलाची स्वस्त आवृत्ती आहे ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. तपशील कमी असल्यामुळेच त्यात कारण आणि परिणाम यांचा धागा डोळ्यांसमोर राहतो. त्याच कमतरतेमुळे काही प्रश्नांना ते उत्तरच देऊ शकत नाही, आणि ते प्रश्न कोणते हे ओळखणे हाही या अभ्यासाचाच भाग आहे.

आधी जवळ काय असावे

- एखादे स्प्रेडशीट किंवा पायथन. पहिल्या पाच पायऱ्यांना स्प्रेडशीट पुरते.
- घातांक, लॉगॅरिदम आणि बदलाचा दर या तीन कल्पनांची ओळख. यापुढचे गणित सुरुवातीला लागत नाही.
- हवाईतील मौना लोआ वेधशाळेच्या कार्बन डायऑक्साइडच्या नोंदी. त्या १९५८ पासून उपलब्ध आहेत.
- जागतिक सरासरी तापमानाची एखादी मालिका, उदाहरणार्थ नासाची १८८० पासूनची.
- आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या) सहाव्या अहवालातील फोर्सिंगचे आकडे, म्हणजे १७५० पासून कोणत्या घटकाने पृथ्वीच्या ऊर्जेच्या हिशेबात किती तफावत पाडली याचा तक्ता.
- शेवटच्या पायरीसाठी दोन गुंतागुंतीच्या मॉडेलांचे निकाल. तोपर्यंत ते उतरवून घेऊ नका, कारण एकदा त्या फायली उघडल्या की मन नकाशांतच रमते.

पायरी १. प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

कोणते मॉडेल चांगले, हा वाद प्रश्न ठरण्यापूर्वी निष्फळ असतो. म्हणून पहिल्या दिवशी चार गोष्टी लिहून ठेवा: तुम्हाला कोणती राशी हवी आहे, किती मोठ्या प्रदेशाची, किती काळाची आणि मॉडेल किती वेळा चालवावे लागणार आहे.

उत्सर्जनाच्या वेगवेगळ्या मार्गांवर शतकाअखेरीस जागतिक सरासरी तापमान कुठवर जाईल, हा प्रश्न साध्या मॉडेलाच्या हातातला आहे. आयपीसीसीच्या तिसऱ्या कार्यगटाच्या २०२२ च्या अहवालात उत्सर्जनाच्या १,२०० हून अधिक मार्गांचे तापमान तपासले गेले, आणि प्रत्येक मार्ग शेकडो वेगवेगळ्या प्राचलसंचांसह (प्राचल म्हणजे मॉडेलात आपण ठरवून घालतो ते आकडे) चालवावा लागला. महासंगणकावर एका मार्गाला आठवडे लागत असतील तर हे काम त्याच्याकडून कधीच पुरे झाले नसते. साध्या मॉडेलांनी ते केले.

याउलट एखाद्या नदीच्या खोऱ्यात पाऊस कसा बदलेल, वादळांचे मार्ग सरकतील का, उष्णतेच्या लाटा कुठे आणि किती दिवस टिकतील, हे प्रश्न साध्या मॉडेलाला विचारता येत नाहीत, कारण त्यात वारा नाही, डोंगर नाहीत आणि ढगही नाहीत. तिसऱ्या प्रकारचे प्रश्न फसवे असतात. ढगांचा फीडबॅक किती आहे, म्हणजे तापमान वाढल्यावर ढग बदलून ती वाढ किती वाढवतात किंवा रोखतात, हा त्यातलाच एक. साधे मॉडेल या प्रश्नाला उत्तर देत असल्यासारखे दिसते, पण प्रत्यक्षात तो आकडा आपणच त्यात घातलेला असतो. आपण घातलेली गोष्ट मॉडेलाने सांगितली असे समजणे ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक आहे.

पायरी २. ऊर्जेचा ताळेबंद हाताने मांडा

पृथ्वीपाशी पोहोचणारी सूर्याची ऊर्जा प्रति चौरस मीटर सुमारे १,३६१ वॅट आहे. पृथ्वी ही ऊर्जा आपल्या छेदाच्या वर्तुळावर झेलते, पण ती वाटली जाते संपूर्ण गोलाच्या पृष्ठभागावर, आणि गोलाचे क्षेत्रफळ त्या वर्तुळाच्या चौपट असते. म्हणून ४ ने भागायचे. उत्तर सुमारे ३४० येते. यातला सुमारे ३० टक्के भाग ढग, बर्फ आणि जमीन परत फेकतात. उरलेले सुमारे २३८ वॅट पृथ्वी शोषते, आणि तापमान स्थिर राहायचे असेल तर तिने तेवढेच अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकले पाहिजेत. स्टीफन-बोल्ट्झमन नियमानुसार एवढी ऊर्जा बाहेर टाकणाऱ्या वस्तूचे तापमान २५५ केल्विन, म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअस येते. ४ ने भागायला विसरलात तर ८७ अंश सेल्सिअस येईल. हा आकडा दिसला की चूक कुठे झाली ते लगेच ओळखा.

पृष्ठभागाचे प्रत्यक्ष सरासरी तापमान मात्र सुमारे १५ अंश आहे. ही ३३ अंशांची तफावत वातावरणामुळे पडते, आणि इथे थोडे थांबून विचार करणे फार मोलाचे ठरते. अवकाशात जाणारे अवरक्त किरण मुख्यतः जमिनीवरून निघत नाहीत. ते सरासरीने वातावरणातील अशा उंचीवरून निघतात जिथे तापमान उणे १८ अंश आहे. वर जाताना दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे ही उंची सुमारे ५ किलोमीटर भरते. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही उंची आणखी वर सरकते, तिथली हवा अधिक थंड असते, थंड हवा कमी ऊर्जा बाहेर टाकते, आणि ताळेबंदात शिल्लक पडू लागते. ही शिल्लक संपेपर्यंत खालचा सगळा स्तंभ तापत जातो. हरितगृह परिणामाचे इतके स्वच्छ आकलन मला कोणत्याही नकाशाने दिले नव्हते.

स्वांते अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्ये हाताने आकडेमोड करून कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास ५ ते ६ अंशांची वाढ होईल असे काढले होते. तो आकडा जास्त होता. १९६७ मध्ये स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी वातावरणाचा केवळ एक उभा स्तंभ घेतला, त्यात किरणांचे शोषण, हवेचे अभिसरण आणि तापमानाबरोबर वाढणारी बाष्पाची मात्रा एवढेच ठेवले, आणि सुमारे २.३ अंश हे उत्तर मिळवले. त्याच स्तंभाने आणखी एक गोष्ट सांगितली: खालचे वातावरण तापेल, पण वरचा स्थितांबर थंड होईल. पुढे उपग्रहांच्या मोजणीत हेच दिसले. तापमानवाढ सूर्य प्रखर झाल्यामुळे होत असती तर स्थितांबरही तापला असता. म्हणून हा निष्कर्ष तापमानवाढीच्या कारणाचा ठसा मानला जातो, आणि तो मिळाला एका स्तंभातून. मानाबे यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पायरी ३. काळ आणा: एक थराचे मॉडेल

दुसऱ्या पायरीतील हिशेब अंतिम तापमान सांगतो, ते कधी गाठले जाईल हे सांगत नाही. त्यासाठी उष्णता साठवणारे काहीतरी हवे, आणि पृथ्वीवर ते काम मुख्यतः समुद्र करतो. समीकरण असे:

एका वर्षातील तापमानवाढ = (फोर्सिंग − फीडबॅक × आतापर्यंतची तापमानवाढ) ÷ उष्माधारकता

फोर्सिंग म्हणजे ताळेबंदात बाहेरून पाडलेली तफावत. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर ती प्रति चौरस मीटर सुमारे ३.९ वॅट असते. फीडबॅकचा आकडा तापमान एका अंशाने वाढले की किती वॅट जास्त बाहेर जातात ते सांगतो, सुरुवातीला १.३ घ्या. समुद्राच्या वरच्या थराची उष्माधारकता ८ घ्या, पण तिचे एकक नीट लिहून ठेवा: वॅट-वर्ष प्रति चौरस मीटर प्रति अंश.

स्प्रेडशीटमध्ये पहिल्या स्तंभात वर्ष, दुसऱ्यात फोर्सिंग आणि तिसऱ्यात तापमानवाढ ठेवा. पहिल्या वर्षाअखेर ०.४९, दुसऱ्या वर्षाअखेर ०.९० आणि तिसऱ्या वर्षाअखेर १.२४ अंश हे आकडे आले तर तुमचे सूत्र बरोबर आहे. पुढे आलेख वाकत वाकत ३ अंशांवर स्थिरावेल. ३.९ भागिले १.३ म्हणजे ३, इतके ते सरळ आहे. उष्माधारकता बदलून पाहा: वेळ बदलेल, अंतिम तापमान बदलणार नाही. फीडबॅक बदला: दोन्ही बदलतील. हा प्रयोग हातांनी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इथे दोन सापळे आहेत. पहिला एककांचा. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी उष्माधारकता ज्यूलमध्ये, म्हणजे सुमारे २५ कोटी ज्यूल अशी घातली आणि काळाची पायरी मात्र एक वर्षाला १ अशी ठेवली. वर्षाचे सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद गुणायचे राहून गेल्यामुळे आलेख शून्यावर आडवा पडून राहिला, आणि मी तीन दिवस फोर्सिंगच्या आकड्यात चूक शोधत होतो. दुसरा सापळा काळाच्या पायरीचा. समुद्राचा थर फारच पातळ घेतला, समजा पाच मीटरांच्या आतला, आणि पायरी एक वर्षाचीच ठेवली, तर तापमान वर-खाली उड्या मारत अनंताकडे धावू लागते. हे हवामानाचे अस्थैर्य नसून आकडेमोडीचे आहे. काळाची पायरी निम्मी केल्यावर निकाल लक्षणीय बदलत असेल, तर आधीच्या निकालावर विश्वास ठेवू नका.

पायरी ४. खोल समुद्र जोडा

एका थराच्या मॉडेलात सारी तापमानवाढ पंचवीस-तीस वर्षांत उरकते. खऱ्या पृथ्वीवर तसे होत नाही, कारण वरच्या थरातील उष्णता सावकाश खाली मुरत राहते. म्हणून दुसरा थर जोडा. त्याची उष्माधारकता १०० घ्या, आणि दोन थरांच्या तापमानातील फरकाच्या ०.७ पट उष्णता दरवर्षी वरून खाली जाते असे धरा. वरच्या थराच्या हिशेबातून ती वजा होईल, खालच्याच्या हिशेबात जमा होईल. हे आकडे गुंतागुंतीच्या मॉडेलांना बसवलेल्या मूल्यांच्या आसपासचे आहेत.

आता कार्बन डायऑक्साइड दुप्पट करून पाहा. विसाव्या वर्षी तापमानवाढ सुमारे २.० अंश, शंभराव्या वर्षी २.३ आणि दोनशेव्या वर्षी जेमतेम २.६ अंश दिसेल. अंतिम मूल्य अजूनही ३ आहे, पण तिकडे जाण्याचे दोन वेग तयार झाले: एक सुमारे चार वर्षांचा, दुसरा दोनशेहून अधिक वर्षांचा. हवामानशास्त्रातील कितीतरी गोंधळ या एका आलेखाने दूर होतो. या शतकात अनुभवास येणारी वाढ आणि समतोलाला पोहोचल्यावरची वाढ हे दोन वेगळे आकडे का असतात, ते इथे दिसते. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालात पहिल्या प्रकारच्या आकड्याचा सर्वोत्तम अंदाज १.८ अंश आहे, दुसऱ्याचा ३ अंश. गेल्या दीडशे वर्षांच्या नोंदींवरून समतोलाचे तापमान नेमके काढणे का अवघड जाते, तेही कळते: त्या नोंदींत संथ भागाचा वाटा अजून थोडाच उमटलेला आहे.

इसाक हेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी गुंतागुंतीच्या मॉडेलात फोर्सिंग अचानक औद्योगिक काळापूर्वीच्या पातळीवर आणले आणि तापमान कसे उतरते ते पाहिले. बराचसा भाग काही वर्षांत उतरला, उरलेला चिवटपणे मागे राहिला. प्रयोग मोठ्या मॉडेलाने केला, पण काय पाहायचे आणि दिसले ते कसे वाचायचे हे दोन थरांच्या मॉडेलाने सांगितले. ही दोन्ही साधने एकत्र कशी वापरावीत याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पायरी ५. नोंदींशी ताडून पाहा, आणि योगायोग ओळखा

कार्बन डायऑक्साइडचे फोर्सिंग लॉगॅरिदमच्या नियमाने वाढते: ५.३५ गुणिले आताच्या आणि पूर्वीच्या प्रमाणाच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. औद्योगिक काळापूर्वीचे प्रमाण दशलक्षात सुमारे २८० भाग होते. २०२३ च्या सुमारास ते ४२० झाले. सूत्रातून २.१७ वॅट येतात. फीडबॅकच्या १.३ मध्ये चौथ्या पायरीतील खाली मुरणाऱ्या उष्णतेचे ०.७ मिळवले की भाजक २.० होतो, आणि भागाकार १.०८ अंश येतो. आयपीसीसीनुसार २०११ ते २०२० या दशकाचे सरासरी तापमान १८५०–१९०० च्या तुलनेत १.०९ अंशांनी जास्त होते.

हे जुळलेले पाहून पहिल्यांदा होणारा आनंद मला चांगला ठाऊक आहे, आणि म्हणूनच इथे सावध करतो. हा बराचसा योगायोग आहे. मिथेन, नायट्रस ऑक्साइड, ओझोन आणि हॅलोजनयुक्त वायू मिळून आणखी सुमारे दीड वॅट भर घालतात, तर धूर व गंधकाच्या संयुगांपासून बनलेले एरोसॉल सूर्यप्रकाश परतवून सुमारे १.१ वॅट कमी करतात. एरोसॉलच्या आकड्याची अनिश्चितता मोठी आहे. ती साधारण उणे ०.४ पासून उणे १.७ पर्यंत पसरते. हिशेबातून एक मोठी जमा आणि एक मोठा खर्च, दोन्ही वगळले गेले आणि ते एकमेकांना बरेचसे खाऊन गेले, म्हणून उत्तर जुळले. शिवाय ४२० हा आकडा त्या दशकाच्या सरासरीपेक्षा नंतरचा आहे. आता तक्त्यातील सर्व घटक वर्षावार घालून मॉडेल पुन्हा चालवा. एरोसॉलचा आकडा जास्त उणे धरला आणि फीडबॅकचा आकडा कमी केला, तरी गतकाळाशी तितकीच चांगली जुळणी मिळते, पण भविष्याचा अंदाज मात्र बराच वर जातो. गतकाळाशी जुळणारे मॉडेल भविष्यासाठी बरोबर असेलच असे नाही, हे विधान अनेकदा वाचायला मिळते. स्प्रेडशीटमध्ये ते घडताना पाहिले की ते कायमचे लक्षात राहते.

यापेक्षा स्वच्छ कसोटी ज्वालामुखीची आहे. जून १९९१ मध्ये पिनाटुबोचा उद्रेक झाला आणि पुढच्या वर्षी जगाचे तापमान सुमारे अर्ध्या अंशाने घसरले. मॉडेलात एका वर्षासाठी उणे ३ आणि पुढच्या वर्षासाठी उणे १.५ वॅट घाला. तापमान सुमारे ०.४७ अंशाने खाली येऊन पुन्हा चढू लागेल. या कसोटीत मॉडेलाचा जलद भाग तपासला जातो. संथ भागाबद्दल ती काहीच सांगत नाही.

पायरी ६. अक्षांशांचे मॉडेल, गरज असेल तरच

मिखाइल बुडिको आणि विल्यम सेलर्स यांनी १९६९ मध्ये स्वतंत्रपणे अशी मॉडेल्स मांडली ज्यांत तापमान विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत बदलते आणि थंड झालेला पट्टा बर्फाने झाकला जाऊन जास्त प्रकाश परत फेकतो. दोघांनाही आढळले की सूर्याची ऊर्जा सुमारे २ टक्क्यांनी कमी झाली तर बर्फ विषुववृत्तापर्यंत पसरू शकतो, आणि ऊर्जा पूर्ववत झाली तरी तो सहजासहजी मागे हटत नाही. पुढे सविस्तर मॉडेलांत यासाठी याहून बरीच मोठी घट लागते असे दिसले. म्हणजे आकडा चुकला, पण पृथ्वीच्या दोन स्थिर अवस्था असू शकतात ही रचना टिकली, आणि पृथ्वी खरोखर गोठून गेल्याचे भूवैज्ञानिक पुरावे १९९० च्या दशकात गांभीर्याने चर्चेत आले तेव्हा तीच रचना कामी आली. साध्या मॉडेलाकडून रचना शिकावी आणि त्याच्या आकड्यांवर हात राखून विश्वास ठेवावा, हे मी इथून शिकलो. ध्रुवीय प्रदेश किंवा हिमयुगे हा तुमचा विषय नसेल तर ही पायरी वाचून पुढे जायला हरकत नाही.

पायरी ७. तयार एम्युलेटर वापरून पाहा

दोन थरांच्या मॉडेलाला कार्बनचक्र, इतर वायू आणि एरोसॉल जोडले की एम्युलेटर, म्हणजे मोठ्या मॉडेलाची नक्कल करणारे हलके मॉडेल, तयार होतो. मॅजिक, फेअर आणि हेक्टर ही त्यांतली प्रसिद्ध नावे. फेअर पायथनमध्ये मुक्तपणे उपलब्ध आहे आणि साध्या लॅपटॉपवर शतकाचा हिशेब क्षणात करते. ते चालवण्यापूर्वी स्वतःचे दोन थर बनवलेले असतील, तर त्यातील प्रत्येक प्राचल ओळखीचा वाटतो.

पण काही मर्यादा मनाशी पक्क्या करा. एम्युलेटरचे प्राचल बहुधा गुंतागुंतीच्या मॉडेलांच्या निकालांवरून ठरवलेले असतात, आणि मग ते निरीक्षणांच्या कसोटीवर गाळले जातात. म्हणून एम्युलेटर आणि मोठे मॉडेल एकमेकांशी जुळले, तर तो दुसरा साक्षीदार मिळाला असे होत नाही. तीच साक्ष दुसऱ्या शब्दांत ऐकू येते. तसेच फीडबॅक स्थिर असतो ही सोय आहे, निसर्गनियम नाही. समुद्राचा कोणता भाग आधी तापतो यावर ढगांचा प्रतिसाद अवलंबून असतो, त्यामुळे काळानुसार फीडबॅक बदलू शकतो. ज्या मर्यादेत एम्युलेटर बसवला गेला तिच्याबाहेर, उदाहरणार्थ फार जास्त फोर्सिंगवर किंवा उत्सर्जन उणे झालेल्या दीर्घ काळासाठी, त्याचे उत्तर सांगताना ही गोष्ट सोबत सांगितलीच पाहिजे.

जागतिक तापमानाला स्थानिक आकृतिबंधाने गुणून प्रादेशिक तापमान काढण्याची एक रीत आहे. तापमानासाठी ती बऱ्यापैकी चालते. पावसासाठी ती फार जपून वापरावी: एका अंशामागे हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, पण जगाचा एकूण पाऊस केवळ १ ते ३ टक्क्यांनी वाढतो, आणि तो कुठे पडेल हे अभिसरणावर ठरते, जे एम्युलेटरमध्ये नाहीच.

पायरी ८. आता मोठी मॉडेल्स उघडा

नॉर्मन फिलिप्स यांनी १९५६ मध्ये वातावरणाच्या सार्वत्रिक अभिसरणाचा पहिला संगणकीय प्रयोग केला. आजची मॉडेल्स वातावरण, समुद्र, बर्फ आणि जमीन यांची समीकरणे बहुधा शंभरेक किलोमीटरच्या चौकटींवर सोडवतात. ढग यापेक्षा कितीतरी लहान असतात, म्हणून त्यांचा परिणाम अंदाजी सूत्रांनी दाखवावा लागतो. गुंतागुंतीच्या मॉडेलातही अशी साधी मॉडेल्स जागोजागी दडलेली असतात. मॉडेलांमधील मतभेदाचे मोठे कारण तीच सूत्रे आहेत.

फायली उघडताना पुढील सापळे टाळा. एका मॉडेलाची एकच धाव म्हणजे भाकीत नव्हे; आरंभीच्या स्थितीतील सूक्ष्म फरकानेही एखाद्या प्रदेशाचा वीस-तीस वर्षांचा कल बदलू शकतो, म्हणून त्याच मॉडेलाच्या अनेक धावा पाहा. मॉडेल्स मतदार असल्यासारखी मोजू नका, कारण त्यांतली अनेक एकमेकांचा प्रोग्राम वापरतात. आणि सरसकट सरासरी काढू नका. मॉडेलांच्या सहाव्या आंतरराष्ट्रीय तुलनेत कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावरच्या समतोल तापमानवाढीचे आकडे १.८ पासून ५.६ अंशांपर्यंत पसरले होते, तर आयपीसीसीने प्रक्रिया, नोंदी आणि पुराहवामान (प्राचीन काळाचे हवामान) यांचे पुरावे एकत्र करून संभाव्य टप्पा २.५ ते ४ अंश असा ठरवला. १९७९ मध्ये ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १.५ ते ४.५ अंश म्हटले होते. टप्पा अरुंद झाला तो केवळ मॉडेल्स मोठी झाल्यामुळे नव्हे. प्रादेशिक निकाल मांडताना वर्षाऐवजी तापमानवाढीची पातळी धरणे, म्हणजे जग २ अंशांनी तापल्यावर अमुक प्रदेशात काय दिसते असे विचारणे, हा जास्त तापणाऱ्या मॉडेलांवरचा चांगला उपाय आहे.

आता दोन मॉडेल्स निवडा आणि कार्बन डायऑक्साइड अचानक चौपट केलेल्या प्रयोगाचे निकाल घ्या. चारच राशी लागतात: पृष्ठभागालगतच्या हवेचे तापमान, वातावरणाच्या माथ्यावर येणारा सूर्यप्रकाश, परत जाणारा सूर्यप्रकाश आणि बाहेर जाणारे अवरक्त किरण. पहिल्या राशीची जागतिक वार्षिक सरासरी काढून त्यातून चौपट न केलेल्या मूळ धावेचे तापमान वजा करा. उरलेल्या तिन्हींवरून ऊर्जेची शिल्लक काढा आणि तिच्यातूनही मूळ धावेतील शिल्लक वजा करा. सरासरी काढताना अक्षांशाच्या कोसाइनचे वजन द्यायला विसरू नका, नाहीतर ध्रुवांना अवाजवी महत्त्व मिळेल. आडव्या अक्षावर तापमानवाढ आणि उभ्या अक्षावर शिल्लक घेऊन सुमारे १५० वर्षांचे बिंदू मांडा. ते साधारण एका उतरत्या रेषेवर बसतात. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ते फोर्सिंग, तिचा उतार म्हणजे फीडबॅक. ही रीत जोनाथन ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडली.

मला प्रश्न विचारला गेला होता त्या दोन मॉडेलांच्या रेषा मी अशाच काढल्या. छेद जवळपास एकाच जागी होता, उतार मात्र स्पष्ट वेगळे होते. मग मी शिल्लक परत जाणारा सूर्यप्रकाश आणि बाहेर जाणारे अवरक्त किरण अशी विभागून पुन्हा मांडली, तेव्हा फरकाचा मोठा भाग सूर्यप्रकाशाच्या बाजूला निघाला. जास्त तापणाऱ्या मॉडेलात तापमानवाढीबरोबर प्रकाश परत फेकण्याचे प्रमाण अधिक घटत होते. इथपर्यंत साध्या मॉडेलाने आणले. ही घट समुद्रावरच्या कमी उंचीच्या ढगांमुळे आहे, की वितळणाऱ्या बर्फामुळे, आणि ती कोणत्या अक्षांशांवर आहे, हे पाहण्यासाठी मात्र नकाशे उघडावे लागले, आणि त्या वेळी कोणता नकाशा उघडायचा हे मला माहीत होते.